वर्दी आली की गोष्ट सुरू: आपत्कालीन सेवेवरची मालिका कशी लिहावी

पहाटे तीनच्या सुमारास वडिलांच्या छातीत दुखायला लागलं आणि मी १०८ ला फोन लावला. थोड्या वेळाने जिन्यावरून दोघं वर आले. पुढे डॉक्टर मुलगी, मागे पन्नाशीचा पायलट. रुग्णवाहिकेच्या चालकाला तिथे पायलटच म्हणतात. उंबऱ्याशी येताच त्याचा हात सवयीने बुटाच्या नाडीकडे गेला, तसाच मागे आला आणि तो बुटांसकट आत शिरला. "काका, उठायचं नाही. एक पाऊलसुद्धा चालायचं नाही," डॉक्टर म्हणाली. आमच्या जुन्या इमारतीत जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळत नाही, हे पायलटने वर येतानाच हेरलं होतं. त्याने जेवणाच्या टेबलाची हाताची खुर्ची ओढली, वडिलांना तीत बसवलं, पलंगावरची चादर कमरेभोवती आवळून बांधली आणि खुर्चीसकट दोन मजले खाली उतरवलं. मी चपलांचा स्टँड बाजूला धरून उभा होतो, एवढंच माझं काम.

वडील वाचले. त्या दोघांना ते कधी कळलं असेल असं वाटत नाही. रुग्णालयाच्या दारात कागदावर सही झाली, स्ट्रेचर पुसून परत गाडीत गेलं आणि ते पुढच्या फोनला निघाले.

मी मालिका लिहितो. त्या पहाटेपासून अग्निशमन दल, रुग्णवाहिका, बचाव पथक यांच्यावरची कुठलीही मालिका बघताना मी एकच गोष्ट शोधतो. या माणसांच्या वाट्याला प्रत्येक गोष्टीचा फक्त मधला तुकडा येतो, हे लेखकाला कळलंय का? भांडण कशावरून पेटलं ते त्यांना माहीत नसतं, पेशंट घरी परतला की नाही तेही नसतं. परक्या माणसाच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट तासाला ते दार ढकलून आत येतात आणि काम झालं की निघून जातात. ज्या मालिकेला हे उमगलंय ती धरून ठेवते. बाकीच्यांत नुसता भोंगा वाजत राहतो. असं काही लिहायला घेतलं असेल, तर मी ज्या क्रमाने काम करतो तो पुढे देतो आहे.

आधी सेवा एकच निवडा

पहिल्या मसुद्यात पोलीस, बंब, रुग्णवाहिका, एनडीआरएफ सगळे एकत्र आणायचा मोह होतो. तो आवरा. प्रत्येक सेवेचा प्रश्न वेगळा असतो. अग्निशमन दलाचा प्रश्न असतो, आत माणूस आहे का, आणि असला तर किती जणांना आत पाठवायचं. रुग्णवाहिकेचा असतो, इथेच थांबून उपचार करायचे की पळवायचं. नियंत्रण कक्षाचा असतो, समोर न दिसणाऱ्या माणसावर किती विश्वास ठेवायचा. तुमची मालिका यातल्या कुठल्या प्रश्नावर उभी आहे ते एका वाक्यात लिहा. ते वाक्य जमेपर्यंत पात्रांची नावंसुद्धा ठरवू नका.

आपल्याकडे यासाठी कच्चा माल भरपूर आहे. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली ती ९३७ रुग्णवाहिकांनी. त्यातल्या २३३ प्रगत उपचारांच्या आणि ७०४ प्राथमिक उपचारांच्या, आणि गाडीत डॉक्टर. हा डॉक्टर बहुतेकदा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर असतो. मोठ्या रुग्णालयाच्या दारात त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं जातं, तीत एका अख्ख्या सीझनची ठिणगी आहे. मुंबईतल्या चाळीचे जिने आणि मोखाड्याकडच्या पाड्यांवरून झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणलेला पेशंट, या दोन मालिका आहेत. एकीत दोन्ही कोंबू नका.

मग जाऊन बसा

रीतसर परवानगी घ्या, आणि आग बघायला नव्हे, वाट बघायला जा. बारा तासांच्या पाळीत खरं काम दोन-तीन तासांचं असू शकतं. उरलेल्या वेळात लोक काय करतात, त्यातून तुमची पात्रं घडणार आहेत. कोण ऑक्सिजनच्या सिलिंडरचा दाब दोनदा तपासतो? डबा कोण वाटून खातो आणि कोण गाडीत एकटा बसून खातो? पाळी बदलताना वहीत काय लिहितात आणि काय तोंडीच सांगतात?

"तुमचा सगळ्यात भयंकर प्रसंग सांगा," असं पहिल्याच दिवशी विचारू नका. शंभर जणांना सांगून गुळगुळीत झालेला किस्सा तेवढा मिळेल, आणि तो नसेल तर समोरच्याची झोप उडेल. "काल काय झालं?" असं विचारा. कालच्या गोष्टीवर अजून पॉलिश बसलेलं नसतं.

शब्द टिपून घ्या. अग्निशमन केंद्रात कॉलला वर्दी म्हणतात. वर्दी येते, वर्दी लागते, खोटी वर्दी निघते. गाडी म्हणजे बंब, पाण्याची नळी म्हणजे होज, तिच्या तोंडाशी बसतो तो ब्रँच, पाठीवरचं श्वसनयंत्र म्हणजे बीए सेट. मुंबईत आगीची तीव्रता लेव्हल वन, लेव्हल टू अशी चढत ब्रिगेड कॉलपर्यंत जाते. "लेव्हल थ्री झाली," एवढं वाक्य वायरलेसवर आलं की बसलेले जवान उभे राहतात. प्रेक्षकाला अर्थ समजावणारा संवाद घालू नका. ते उभे राहिलेले दिसले की त्याला कळतं.

जोडी आणि पथक

रुग्णवाहिकेत दोनच माणसं असतात. नाटक लिहिणाऱ्याला याहून चांगली देणगी नाही. सत्तावीस वर्षांची डॉक्टर आणि बावन्न वर्षांचा पायलट घ्या. ती त्याला काका म्हणते, तो तिला मॅडम म्हणतो. वयाने तो मोठा, हुद्द्याने ती. रस्ता त्याला माहीत, औषध तिला. पेशंटचे नातेवाईक मात्र दोघांनाही ओलांडून "साहेब, लवकर करा ना" म्हणतात, आणि ते "साहेब" पायलटकडे बघून असतं, कारण तो पुरुष आहे आणि केस पिकलेत. हे एकदा दाखवलं की डॉक्टरला स्त्री म्हणून किती झगडावं लागतं यावर भाषण लिहायची गरज उरत नाही.

त्यांच्यातला संघर्ष कामातून यायला हवा. तिला जागेवर सलाईन लावून मग निघायचंय, त्याला घाटात धुकं उतरण्याआधी निघायचंय. दोघंही बरोबर आहेत. दोन बरोबर माणसांचं भांडण जितकं ताणता येतं तितकं खलनायकाशी झालेलं कधीच येत नाही. भ्रष्ट वरिष्ठ, लाचखाऊ कारकून यांना पहिल्या चार भागांत तरी दाराबाहेर ठेवा. त्यांनी प्रेक्षकाचा राग फुकट मिळतो, पण काळजी मिळत नाही.

वर्दीचा प्रसंग

इथे मी सगळ्यात जास्त वेळ देतो आणि तुम्हीही द्या. बहुतेक मसुद्यांत फोन वाजतो, कुणीतरी "निघा!" म्हणतं आणि पुढच्या शॉटमध्ये गाडी घटनास्थळी. तिथेच अर्धं नाट्य वाया जातं. एकच प्रसंग दोन तऱ्हांनी बघा.

पहिली तऱ्हा अशी. हायवेवर अपघात. भोंगा. गाडी पोचते. गर्दी बाजूला होते. डॉक्टर धावते, मागे काहीतरी पेट घेतं, संगीत चढतं.

दुसरी तऱ्हा. फोनवर एक मुलगा आहे, आवाज फुटायच्या वयातला. "आजी बोलत नाहीये." पत्ता? "मारुतीच्या देवळामागं." कुठलं गाव? तो सांगतो, पण त्या नावाची गावं जिल्ह्यात दोन आहेत आणि मारुतीचं देऊळ दोन्हीकडे आहे. गाडी निघालेली आहे, फाटा दोन किलोमीटरवर आहे, डावीकडे वळायचं की सरळ जायचं ते ठरलेलं नाही. पायलट विचारतो, "मॅडम, त्याला विचारा, देवळासमोर पार आहे का टाकी?" मुलगा म्हणतो, "टाकी." पायलट काही न बोलता इंडिकेटर लावतो.

दुसऱ्या तऱ्हेत अजून पेशंट दिसलेलासुद्धा नाही. पण तीन माणसं कळली, एक प्रदेश कळला, आणि प्रेक्षक मनातल्या मनात "लवकर, लवकर" म्हणायला लागला. स्फोटाचा खर्चही वाचला.

वर्दीचा प्रसंग लिहिताना मी कागदाचे दोन रकाने करतो. डावीकडे फोन करणाऱ्याने सांगितलेलं, उजवीकडे तिथे खरंच असलेलं. दोन्हींत किमान एक तफावत हवी. "चक्कर आलीय" म्हणून फोन येतो आणि निघते विषबाधा. "छोटी आग" म्हणतात आणि तळघरात केमिकलचे ड्रम. तफावत चमत्कारिक नको, भीतीतून किंवा लाजेतून आलेली असावी. घाबरलेला माणूस चुकीचं सांगतो, लाजलेला अर्धवट सांगतो. सुनेने विष घेतलंय हे फोनवर न सांगणारं घर आपल्याला काही नवं नाही.

घड्याळ दिसू द्या

ताण वेळेतून येतो, पण कोपऱ्यात आकडे उलटे मोजत बसण्याची गरज नाही. ज्या त्या कामाच्या आत स्वतःचं घड्याळ असतं, ते शोधा. बीए सेटचं सहा लिटरचं सिलिंडर ३०० बार दाबाने भरलेलं असतं. कागदावर ते अर्ध्या-पाऊण तासाचं, पण अंगावरच्या सगळ्या सामानासकट धुरातून जिने चढणारा जवान ती हवा त्याहून फार लवकर संपवतो. दाब साधारण ५० ते ६० बारवर आला की शिट्टी वाजायला लागते. आता सीन लिहा. धूर इतका की हातापुढचं दिसत नाही. शिट्टी सुरू झालीय. आणि पुढच्या खोलीतून खोकल्याचा आवाज येतो. तोंडाने कुणी काहीही बोलायची गरज नाही.

वेळ पूर्ण सीझनभरही ताणता येतो. २०२५ मध्ये अमेरिकेत आलेल्या 'द पिट' या मालिकेने पिट्सबर्गच्या एका आपत्कालीन विभागातली एकच पाळी पंधरा भागांत मांडली, एक भाग म्हणजे एक तास. पहिल्या भागात बाकावर वाट बघत बसलेला माणूस सहाव्या भागातही बसलेला दिसू शकतो, आणि त्याचा राग आपल्याला पटतो.

प्रेक्षकाला जवानांपेक्षा जास्त माहिती असेल तर ताण आणखी वाढतो, आणि याचं सगळ्यात जळजळीत उदाहरण आपल्याच शहरात घडलंय. १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाच्या पोटात कापसाच्या गासड्या आणि स्फोटकं भरलेली. दुपारी धूर दिसला. बंब आले, होज सोडले, पाणी ओतत राहिले. चारनंतर पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. आजही देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो त्यांच्या स्मरणार्थ. हा दिवस कधी लिहिलात, तर स्फोटापासून सुरुवात करू नका. धूर दिसण्यापासून करा, आणि कापसाखाली काय आहे ते पहिल्याच मिनिटाला प्रेक्षकाला सांगून टाका. मग होज उलगडणाऱ्या प्रत्येक माणसाचा प्रत्येक साधा हावभाव बघणं असह्य होईल.

वैद्यकीय खरेपणा

यात हयगय करू नका. लोक पडद्यावर पाहिलेलं खऱ्या आयुष्यात करतात आणि खऱ्या आयुष्याकडून त्याचीच अपेक्षाही धरतात. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १९९६ साली एक अभ्यास आला होता. तीन अमेरिकन मालिकांचे ९७ भाग तपासले, त्यांत सीपीआरचे, म्हणजे छाती दाबून बंद पडलेलं हृदय चालू करू पाहण्याचे, ६० प्रसंग निघाले आणि त्या क्षणी वाचलेल्यांचं प्रमाण ७५ टक्के भरलं. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या माणसाचं वास्तव याच्या जवळपासही नसतं. म्हणजे दहापैकी आठ जणांना पडद्यावर वाचवलंत, तर उद्या एखादी मुलगी बापाच्या मरणाचा दोष समोरच्या डॉक्टरला देणार. तुमच्या मालिकेत माणसं जाऊ द्या. सगळं बरोबर करूनही जाऊ द्या.

बारकावे मोजकेच आहेत, पण ते पाळा. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, ३० दाबांना २ श्वास, आणि दर दोन मिनिटांनी हात बदलायचा. जिवंत नटाच्या छातीवर असं दाबता येत नाही, म्हणून नट कोपर वाकवून लटकं दाबतात आणि बघणाऱ्या प्रत्येक नर्सचा विश्वास तिथेच उडतो. त्यावर उपाय सोपा आहे. जवळचा शॉट सरावाच्या पुतळ्यावर घ्या आणि नटाच्या खांद्यापासून वरच्या फ्रेममध्ये दम, घाम, मोजणी दाखवा. "अठ्ठावीस, एकोणतीस, तीस" ही मोजणीच पुरेशी आहे. मॉनिटरवर सरळ रेषा आली की शॉक द्यायचा, हे पडद्याने पसरवलेलं धादांत चूक चित्र आहे. सरळ रेषेला शॉक देत नाहीत, छाती दाबणं आणि औषध चालू ठेवतात. शॉक लागतो तो हृदय नुसतं थरथरत असेल किंवा नाडी न लागता बेफाम पळत असेल तेव्हा.

गर्दीचंही तसंच. अपघाताभोवती मोबाईल धरून उभी असलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत. त्यातला एखादा पुढे येत नाही, कारण त्याला पोलिसांच्या फेऱ्यांची धास्ती असते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४ अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. ही माहिती पात्राच्या तोंडी द्यायची असेल तर कामाच्या घाईतच द्या: "दादा, तुमच्यावर काही येत नाही. डोकं असं धरा, हलू देऊ नका." बस.

हँडओव्हर, आणि त्यानंतर

प्रत्येक वर्दीचा शेवट हँडओव्हरने करा. रुग्णालयाच्या दारात डॉक्टर भरभर सांगते: वय, काय झालं, रक्तदाब, काय दिलं, किती वाजता. स्ट्रेचर आत जातं, दार झुलून बंद होतं. इथे कॅमेरा आत जाऊ देऊ नका. तो बाहेर राहिलेल्या दोघांबरोबर थांबायला हवा. हा एक नियम पाळलात तरी मालिकेला स्वतःचा चेहरा येतो. मग कधीतरी आठव्या भागात, बाजारात भाजी घेताना, एखादी बाई पायलटकडे बघत थबकते आणि त्याला ती आठवत नाही. अशी परतफेड एका सीझनमध्ये एकदाच. दुसऱ्यांदा केलीत तर ती स्वस्त होते.

शेवट न मिळणं मोठ्या दुर्घटनेत तर फारच जड जातं. जुलै २०२३ मध्ये रायगडच्या इर्शाळवाडीवर रात्री दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हता, यंत्रं चढवता येईनात, बचाव पथकं पावसात डोंगर चढून गेली आणि फावड्या-कुदळींनी माती उपसत राहिली. चार दिवसांनी शोध थांबवला, तेव्हा कितीतरी माणसं मातीखालीच राहिली होती. थांबायचं ठरल्यावर जो माणूस कुदळ खांद्याला लावून उतरला असेल, त्याच्यावर एक भाग लिहा. अशा भागात दृश्य फार नसेल, पण तो विसरला जाणार नाही. खऱ्या दुर्घटनेवरून घेताना गाव, घर, माणूस ओळखू येईल असं काही ठेवू नका. तिथले लोक अजून आहेत आणि तेही मालिका बघतात.

तसंच स्वतःच्याच माणसाचं जाणं. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली, इमारत कोसळली, आणि मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. दोघे तिथेच, दोघे पुढच्या दिवसांत रुग्णालयात. केंद्रातल्या लोकांसाठी त्या मधल्या दिवसांतही वर्द्या येतच असणार. कथेत एखाद्या अधिकाऱ्याला मारायचं ठरवलंत, तर मरणाच्या प्रसंगापेक्षा दुसऱ्या दिवशीच्या हजेरीला जास्त पानं द्या. त्याच्या नावाशी आल्यावर हजेरी घेणारा काय करतो, हा तुमचा प्रसंग.

घरचं थोडक्यात दाखवा. बायकोचं "तुम्हाला घरासाठी वेळच नाही" हे वाक्य पुरतं झिजलंय. त्याऐवजी घरी आलेला माणूस सगळ्यात आधी गॅसचा रेग्युलेटर का बघतो, ते दाखवा.

पैसा आणि सीझन

रोज संध्याकाळी लागणाऱ्या मालिकेच्या वेगात हे लिहू नका. दर भागाला एक वर्दी, तिचं संशोधन आणि तिचा तपासनीस लागतो, ते आठवड्याला सहा भाग झेपत नाहीत. आठ ते दहा भागांचा सीझन धरा. आगीचा मोठा प्रसंग सीझनभरात एकच. बाकी ठिकाणी दाराखालून येणारा धूर, भिंतीवर हलणारा नारिंगी उजेड, बीए सेटमधला श्वास. रुग्णवाहिकेचा एक बाजूने उघडणारा सेट बनवा, नाहीतर आतली दाटी चित्रित करताना कॅमेरामन रडकुंडीला येईल. आणि पैसा अगदीच कमी असेल तर नियंत्रण कक्ष: एक खोली, सहा माणसं, बाकी सगळे आवाज.

अशी मालिका मन लावून केली तर ती पडद्याबाहेरही काम करते. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलातल्या पॅरामेडिकांवर 'इमर्जन्सी!' सुरू झाली, तेव्हा कॅलिफोर्नियात अशा सेवेचा कायदा होऊन दोनच वर्षं झाली होती आणि बहुतेक अमेरिकनांना पॅरामेडिक हा शब्दही नवा होता. मालिका बघून लोक आपापल्या गावात ही सेवा का नाही, असं विचारायला लागले.

शेवटचं वाचन त्यांच्यासमोर

मसुदा झाला की निर्मात्याच्या आधी तो दोन माणसांना वाचून दाखवा, एक निवृत्त आणि एक आज पाळीवर असलेला. ते शब्द सुधारतील, ते लिहून घ्या. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते कुठे गप्प होतात ते बघा, आणि कुठे हसतात तेही. तुम्ही रडू यावं म्हणून लिहिलेल्या जागी हसले तर तो प्रसंग काढा. माझ्या एका वाचनात बाळंतपणाचा प्रसंग संपला, बाळ रडलं, मी पान उलटलं, आणि समोरच्या पायलटने विचारलं, "आणि गाडी धुतली कुणी?" तो सीन मी त्याच रात्री लिहिला: दवाखान्यामागचा नळ, बादली, फिनेलचा वास, पाठीमागून उगवणारा दिवस, आणि बाळाचं वजन किती भरलं याचा अंदाज बांधत गाडी धुणारी दोन माणसं.